भास्कराचार्य : आकृती काढून पटवून देणारे गणिती

भास्कराचार्यांचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले असते. लीलावतीची गोष्टही बहुतेकांना लहानपणापासून माहीत असते. पण शाळा सुटली की त्यांचे नाव स्पर्धा परीक्षेच्या एका प्रश्नापुरतेच उरते. म्हणून मंडळाच्या सभासदांसाठी आणि विशेषतः घरातल्या शाळकरी मुलांसाठी त्यांचे चरित्र थोडक्यात लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत झाली. त्यामुळे ग्रहगणितात शिरण्याचा माझा अधिकार नाही. मला त्यांच्या एका सवयीबद्दल सांगायचे आहे. नियम सांगून ते थांबत नसत; तो का खरा आहे हे आकृती काढून दाखवत. आणि तीच आकृती कुठे फसवू शकते, हेही त्याच शिस्तीने सांगत.

जन्म, घराणे आणि काळ

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. हे वर्ष त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. त्यांचे गोत्र शांडिल्य, गाव विज्जलवीड, आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले, एवढेही ते सांगतात. हे विज्जलवीड म्हणजे आजचे कोणते गाव, यावर अभ्यासकांत वाद आहे. कोणी विजयपूर म्हणतात, कोणी बीड, कोणी चाळीसगावजवळच्या पाटणचा परिसर. म्हणजे कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघेही त्यांच्यावर हक्क सांगतात. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांना यात नवल वाटू नये. बाराव्या शतकात ही सीमाच नव्हती.

त्या वेळी या सगळ्या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. कल्याणी म्हणजे आपले बसवकल्याण. मन्नाएखेळ्ळीहून हमरस्त्याने हुमनाबाद ओलांडून सोलापूरकडे निघालो की त्याच बाजूला लागते. भास्कराचार्य जन्मले तेव्हा तिथे सहावा विक्रमादित्य गादीवर होता. पुढे कळचुरी बिज्जळाने सत्ता घेतली, त्याच काळात महात्मा बसवेश्वरांचे कार्य झाले. म्हणजे भास्कराचार्य आणि बसवेश्वर हे समकालीन.

गणिताची परंपराही आपल्या भागात त्याआधीची आहे. कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथल्या अमोघवर्ष नृपतुंगाची स्तुती करून महावीराचार्यांनी नवव्या शतकात गणितसारसंग्रह लिहिला. भास्कराचार्यांच्या आधी अडीचशेहून अधिक वर्षे या दख्खनच्या मातीत त्रिकोण-चौकोनांचा हिशेब चालू होता.

भास्कराचार्यांचे वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती म्हणजे अंकगणित आणि क्षेत्रमापन, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यावर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य नावाची टीका लिहिली. पुढे इ.स. ११८३ मध्ये, म्हणजे एकोणसत्तराव्या वर्षी, पंचांगकर्त्यांना रोजच्या कामाला सोयीचा असा करणकुतूहल हा ग्रंथ त्यांनी रचला. निवृत्तीच्या वयानंतरही नवीन काम हाती घेणारा हा माणूस होता.

पाटी, धूळ आणि शेत

त्या काळी कागद नव्हता. गणित करायचे ते पाटीवर धूळ पसरून, बोटाने किंवा काडीने. आकडे लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. म्हणून अंकगणिताला पाटीगणित म्हणत आणि असल्या आकडेमोडीला धूलिकर्म. आकृत्याही याच धुळीत काढल्या जात. त्या टिकत नसत. ग्रंथ श्लोकांत असल्याने पाठ करून जपला जाई. आकृती मात्र गुरूने शिष्यासमोर प्रत्येक वेळी नव्याने काढायची असे.

भूमितीतल्या आकृतीला संस्कृतात क्षेत्र म्हणतात. याच शब्दापासून आपला शेत हा शब्द आला. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ ही सगळी क्षेत्रे. ज्याला शेताची वाटणी कळते त्याला क्षेत्रगणित परके वाटू नये.

लीलावतीतली उदाहरणे तशीच आपल्या नजरेसमोर उभी राहणारी आहेत. सपाट जमिनीवर ३२ हात उंच वेळू आहे. वाऱ्याने तो मोडला आणि त्याचा शेंडा बुडापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? दुसऱ्या उदाहरणात ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. साप २७ हातांवरून बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि तो तिरपी झडप घालतो. दोघांनी सारखेच अंतर काटले असेल तर गाठ कुठे पडेल? दोन्हीकडे उत्तर १२ हात येते. आकडे काढण्याआधी मुलगा मनात काटकोन त्रिकोण काढतो, आणि तो नीट निघाला की अर्धे गणित सुटलेले असते.

चार त्रिकोणांचा चौरस

काटकोन त्रिकोणाचा नियम आपण पायथागोरसच्या नावाने शिकतो. काटकोनाला लागून असलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज ही समोरच्या तिरप्या बाजूच्या, म्हणजे कर्णाच्या, वर्गाइतकी असते. आपल्याकडचे गवंडी पायाची आखणी करताना ३, ४, ५ ची दोरी लावून गुण्या साधतात, तो हाच नियम. भारतात तो शुल्बसूत्रांच्या काळापासून माहीत होता. भास्कराचार्यांनी बीजगणितात तो का खरा आहे हे दाखवले.

त्यांनी घेतलेला त्रिकोण १५ आणि २० बाजूंचा आहे. कर्ण किती, हे काढायचे. असे अगदी सारखे चार त्रिकोण घ्या. कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे ते गोल फिरवत मांडा. चार कर्णांचा एक मोठा चौरस तयार होतो आणि मधोमध एक छोटा चौरस मोकळा राहतो. छोट्या चौरसाची बाजू म्हणजे दोन बाजूंतला फरक, २० वजा १५, म्हणजे ५.

आता हिशेब करू. एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५ गुणिले २० च्या निम्मे, म्हणजे १५०. चारांचे ६००. मधला चौरस २५. एकूण ६२५. आणि ६२५ हा २५ चा वर्ग. म्हणून कर्ण २५. दुसरीकडे १५ चा वर्ग २२५ आणि २० चा ४००. त्यांची बेरीजही ६२५. ताळा जमला.

याच आकृतीबद्दल एक गोष्ट पुष्कळ पुस्तकांतून फिरते. भास्कराचार्यांनी चित्र काढले, खाली पाहा एवढाच एक शब्द लिहिला आणि ते मोकळे झाले, असे सांगतात. ऐकायला ती छान आहे. पण तिच्यामुळे असा समज होतो की आपल्याकडचे गणिती चित्र दाखवून काम भागवत, कारण देत नसत. बीजगणित उघडले की तो समज टिकत नाही. तिथे आकडे आहेत, मांडणी आहे, आणि दोन संख्यांच्या गुणाकाराच्या दुपटीत त्यांच्या फरकाचा वर्ग मिळवला की त्यांच्या वर्गांची बेरीज येते, हा सर्वसाधारण नियमही जोडून दाखवलेला आहे. शिवाय हाच कर्ण त्यांनी आणखी एका रीतीने काढला आहे. कर्णावर लंब टाकून मूळ त्रिकोणाचे दोन लहान त्रिकोण करायचे आणि त्रैराशिकाने कर्णाचे दोन तुकडे काढायचे. ते येतात ९ आणि १६. बेरीज पुन्हा २५.

एकच गोष्ट दोन वाटांनी

नियम खरा असल्याच्या कारणाला भास्कराचार्य उपपत्ती म्हणतात. गोलाध्यायात त्यांचे म्हणणे असे आहे की उपपत्ती माहीत नसलेल्या गणकाला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. गोल समोर ठेवला की ती उपपत्ती तळहातावरच्या आवळ्यासारखी स्पष्ट दिसते. दुसऱ्याला पटवणे आणि आपली खात्री होणे, या दोन्हींसाठी उपपत्ती हवी, हा त्यांचा आग्रह.

ही उपपत्ती दोन प्रकारची असते, असे ते बीजगणितात सांगतात. एक क्षेत्रगत, म्हणजे आकृतीतून दिसणारी. दुसरी राशिगत, म्हणजे संख्या आणि अक्षरे मांडून सिद्ध होणारी. ज्याला आकृतीतून उमगत नाही त्याला राशींची वाट दाखवावी, असे त्यांनी शिक्षकाला बजावले आहे. बाराव्या शतकातला हा विचार आजच्या शिक्षकांनी आणि आईवडिलांनीही लक्षात ठेवावा असा आहे.

हे ज्या उदाहरणात येते ते पाहू. दोन संख्या आहेत. त्यांचा गुणाकार हा पहिलीची चौपट, दुसरीची तिप्पट आणि वर दोन, यांच्या बेरजेइतका आहे. तर त्या संख्या कोणत्या? अक्षरे मांडून सोडवायला गेलो तर अडखळायला होते. पण शेत समजून पाहा.

एक आयताकार शेत आहे. त्याची लांबी पहिली संख्या, रुंदी दुसरी. सगळे क्षेत्रफळ म्हणजे त्यांचा गुणाकार. लांबीच्या कडेने ४ रुंदीची पट्टी आखली की पहिलीची चौपट झाली. रुंदीच्या कडेने ३ ची पट्टी आखली की दुसरीची तिप्पट झाली. पण कोपऱ्यात या दोन पट्ट्या एकमेकींवर येतात. ४ गुणिले ३, म्हणजे १२ चा तुकडा दोनदा मोजला गेला. शेवटी उरलेले शेत किती? प्रश्नात दिलेले २ आणि दोनदा मोजलेले १२, मिळून १४. या उरलेल्या शेताची लांबी पहिल्या संख्येहून ३ ने कमी आणि रुंदी दुसरीहून ४ ने कमी. चौदाचे तुकडे १ आणि १४, किंवा २ आणि ७. म्हणून उत्तरे निघतात ४ आणि १८, ५ आणि ११, १० आणि ६, १७ आणि ५. कोणतीही जोडी ताडून पाहा. १० आणि ६ घेतले तर गुणाकार ६०. दुसरीकडे ४०, १८ आणि २ मिळून ६०.

बँकेत दिवसाअखेर खतावणीतली शिल्लक आणि तिजोरीतली मोजलेली रोकड दोन्ही जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. एक बाजू कागदाची, दुसरी डोळ्यांनी पाहिलेल्या नोटांची. भास्कराचार्यांच्या दोन उपपत्ती वाचताना मला तो ताळा आठवतो.

आकृती फसवते तेव्हा

आकृतीवर इतका भर देणारा माणूस तिच्या धोक्यांबाबत बेसावध नव्हता. लीलावतीतल्या दोन जागा त्यासाठी वाचाव्यात.

पहिली चौकोनाची. चार बाजू दिल्या आहेत, क्षेत्रफळ सांगा, असे कोणी विचारले तर? जुन्या आचार्यांनी त्यासाठी सूत्र दिलेले होते. भास्कराचार्य म्हणतात, नुसत्या चार बाजूंवरून चौकोन ठरतच नाही. समोरासमोरचे दोन कोपरे आत ढकलले की एक कर्ण आखूड होतो आणि दुसरा लांबतो. बाजू त्याच राहतात, क्षेत्रफळ मात्र बदलते. सैल झालेली बाज कोपऱ्याला धरून ढकलली की तिची चौकट तिरपी होते, लाकडे तीच असतात, तसेच हे. म्हणून एखादा कर्ण किंवा लंब दिल्याशिवाय असा प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच ठरवले आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच. पाटीवर काढलेला चौकोन एकच दिसतो, पण त्या मापांत बसणारे चौकोन अनेक असतात. एका चित्रावरून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढू नये, हा धडा त्यात आहे.

दुसरी जागा अक्षेत्राची, म्हणजे जी आकृती होऊच शकत नाही तिची. एखादा उद्धट माणूस म्हणतो, ३, ६ आणि ९ बाजूंचा त्रिकोण घ्या. किंवा २, ६, ३ आणि १२ बाजूंचा चौकोन घ्या. धुळीत हात सैल सोडला तर असा त्रिकोण काढून वर आकडे लिहिता येतील. पण ३ आणि ६ मिळून ९ च होतात; दोन्ही बाजू तिसरीवर आडव्या पडतात, त्रिकोण उघडतच नाही. चौकोनात २, ६ आणि ३ मिळून ११. चौथी बाजू १२, म्हणजे टोके जुळतच नाहीत. भास्कराचार्यांनी यावर सांगितलेला उपाय शाळेत आजही करता येईल. तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या घ्याव्यात, बाजूंच्या जागी मांडाव्यात आणि आकृती बनत नाही हे दाखवून द्यावे.

युरोपात १९ व्या शतकाच्या अखेरीस गणितज्ञांना हाच प्रश्न सतावू लागला. आकृतीत दिसते म्हणून आपण किती गोष्टी नकळत गृहीत धरतो? हिल्बर्ट यांनी १८९९ मध्ये भूमितीची अशी मांडणी केली की चित्राच्या आधाराविना प्रत्येक पायरी तपासता यावी. त्याच सुमारास, १८८० मध्ये, जॉन व्हेन यांनी तर्कशास्त्रासाठी एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची चित्रे मांडली. आपली नातवंडे संच शिकताना जी काढतात ती हीच. म्हणजे जग एकीकडे चित्राला दूर सारत होते आणि दुसरीकडे नवे चित्र जवळ करत होते. चित्र समजावते आणि तर्क त्याची तपासणी करतो. दोन्ही कामांची गरज आहे.

चेंडूवरची जाळी

गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ हे त्यांचे आणखी एक मोठे काम. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट म्हणजे गोलाच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ, हे सांगताना ते चेंडूवर घट्ट बसलेल्या जाळीचा दाखला देतात. त्यांच्या आधीच्या लल्ल या मान्यवर ज्योतिष्याने वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले होते. ते चूक आहे असे भास्कराचार्यांनी स्पष्ट लिहिले, आणि नुसते तसे म्हणून न थांबता कारण दिले.

मातीचा किंवा लाकडाचा गोल करा. आवळ्यावर वरपासून खालपर्यंत जशा रेघा असतात तशा रेघा त्यावर काढा. पृष्ठभागाच्या फाका झाल्या. मधोमध एक माप रुंद असलेल्या अशा फाका परिघात जितकी मापे, तितक्याच होतात. एका फाकेचे क्षेत्रफळ बारीक पट्ट्या मोजून काढले की ते व्यासाइतके येते. म्हणून सगळ्या पृष्ठाचे क्षेत्रफळ म्हणजे परिघ गुणिले व्यास. मोठे नाव समोर असतानाही, ज्याला कारण देता येते त्याचे म्हणणे टिकते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

पुढच्या पिढ्या

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपाल याने त्याला पाटणहून नेऊन आपल्या पदरी पंडितांचा प्रमुख नेमले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटण येथे मठ स्थापला. शके ११२८ चा तिथला शिलालेख ही सगळी हकीकत सांगतो. भाऊ दाजी लाड यांनी १९ व्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा मठाला दिल्याची नोंद आहे. गणिताची शाळा चालावी म्हणून बाजारपेठेने उचललेला हा भार मराठीत कोरलेला आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट.

कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी इ.स. १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली आणि उपपत्ती आणखी उलगडल्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ समजावताना ते वर्तुळाचे दोन अर्ध करतात, प्रत्येकाच्या बारीक फाका करून ते सरळ उघडतात आणि करवतीच्या दातांसारखे एकमेकांत बसवतात. वर्तुळाचा आयत होतो. अकबराच्या आज्ञेने फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. मुलीच्या लग्नाची, घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची गोष्ट तिथे येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी लीलावती आणि बीजगणित इंग्रजीत आणले आणि जगाला त्यांची ओळख झाली.

घरी करून पाहा

शेवटी सभासदांना एक विनंती. मुलांना हे वाचून दाखवू नका, करू द्या. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद सगळ्यांच्या घरी असतो. लहान पडला तर चिकटवून मोठा करा. त्यातून काटकोनाच्या बाजू १५ आणि २० सेंटिमीटर असलेले चार सारखे त्रिकोण आणि ५ सेंटिमीटर बाजूचा एक चौरस कापा. आधी कर्ण बाहेर ठेवून २५ चा चौरस मांडा. मग तेच पाच तुकडे उचला. दोन-दोन त्रिकोण जोडून दोन आयत करा. एक आयत उभा ठेवा, त्याच्या उजवीकडे तळ जुळवून दुसरा आडवा ठेवा आणि वरच्या खाचेत छोटा चौरस बसवा. नीट पाहिले तर त्या आकारात शेजारी शेजारी दोन चौरस दिसतील, एक २० चा आणि एक १५ चा. कागद तोच, तुकडे तेच.

मग मुलांना विचारा, हे याच मापांना होते की कोणत्याही काटकोन त्रिकोणाला? मूल दुसऱ्या मापांचा त्रिकोण कापायला घेईल, किंवा वहीत अक्षरे मांडू लागेल. दोन्हींपैकी काहीही केले तरी ते भास्कराचार्यांच्या वाटेवर आहे असे समजा.